शेवटच्या मुलापासून तास आख

चि. ——— हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नाव मुद्दाम गाळलंय. हे पत्र तू स्टाफरूमच्या ग्रुपवर टाकणार याची मला खात्री आहे, आणि परवा माझ्याकडे बसून तू उपप्राचार्यांबद्दल जे बोललीस ते त्यांच्यापर्यंत जायला नको. टाकायचंच झालं तर टाइप करून टाक, फोटो काढून नको. का, ते पुढे येईलच.

तू विचारलंस, "मॅडम, एकीला मोठ्या अक्षरातल्या नोट्स, एकाला रात्रीचं रेकॉर्डिंग, एकाला सगळं लिहून, एकीला हिंदीत. मला तासाचे पैसे मिळतात. कुणाकुणाचं करू?" विचारताना आवाज चढला होता तुझा. चढू दे. हा प्रश्न ज्यांना पडतच नाही त्यांची मला जास्त काळजी वाटते. तू किती मनापासून शिकवतेस वगैरे मी लिहीत बसणार नाही. ते तुला माहीत आहे, आणि त्याने शनिवारचा बीकेचा, म्हणजे बुक-कीपिंगचा, ऑनलाइन तास तयार होत नाही.

माझं म्हणणं एकच आहे, आणि ते मी या पत्रात पाच-सहा वेळा लिहिणार आहे, कंटाळलीस तरी. तास शेवटच्या मुलापासून आख. आज तू काय करतेस? आधी ऐंशी जणांसाठी पीपीटी करतेस, व्हिडिओ करतेस, आणि रात्री अकरा वाजता तुला आठवतं की दिघ्याच्या त्या कमी दिसणाऱ्या मुलीला यातलं काही दिसणार नाही. मग तिच्यासाठी वेगळं. मग एपीएमसीच्या भाजी बाजारात गाळ्यावर काम करणाऱ्या मुलासाठी वेगळं. एका तासाची चार कामं होतात, कारण सुरुवात भलत्या टोकाकडून झाली. लग्नाच्या पंगतीत वाढपी नेहमी एकाच टोकाकडून निघतो आणि भजी संपतात ती कायम दुसऱ्या टोकाला. वाढप्याच्या मनात काही वाईट नसतं. पण त्या टोकाला बसणाऱ्यांना हे ठाऊक असतं, आणि काही वर्षांनी ते पंगतीला यायचंच सोडून देतात.

शेवटचा म्हणजे मार्कांत शेवटचा असं समजू नकोस. ज्याच्यापर्यंत तुझं शिकवणं सगळ्यात कमी पोचतं तो. दिघ्याच्या मुलीला तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी, जुळली नाही की गडबड कुठे आहे हे तुझ्याआधी कळतं, असं तूच सांगितलंस. ती हुशारीत पहिली आणि पोचण्यात शेवटची. हे असं असू शकतं, हेच आपल्या लोकांच्या पचनी पडत नाही.

मला 2020 सालचा अजून राग येतो, तो काढून टाकते म्हणजे पुढचं शांतपणे लिहिता येईल. 24 मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. त्या वर्षी जगभरात दीडशे कोटींहून जास्त विद्यार्थ्यांची शाळा-कॉलेजं बंद झाल्याचं युनेस्कोने सांगितलं होतं. आणि आपले लोक असे वागले, जणू लांबून शिकवणं ही गोष्ट माणसाला त्याच आठवड्यात सुचली आहे! अगं, मुंबई विद्यापीठाचा दूरशिक्षण विभाग 1971 पासूनचा. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 चं. मी स्वतः कितीतरी रविवार मुक्त विद्यापीठाची संपर्क सत्रं घेतली आहेत. समोर एसटीचे कंडक्टर, अंगणवाडी सेविका, तीन मुलांच्या आया. त्यांची पुस्तकं बघितली आहेस का कधी? प्रत्येक घटकाच्या सुरुवातीला हे वाचून तुम्हाला काय येईल ते लिहिलेलं, मध्ये मध्ये छोटे प्रश्न, शेवटी उत्तरं. समोर शिक्षक नाही, आजूबाजूला विचारायला कुणी नाही, वाचणारा दिवसभर राबून आलाय, हे धरून लिहिलेली पुस्तकं. म्हणजे शेवटच्या मुलापासूनच आखलेली. हे सगळं आपल्या कपाटात होतं. ते सोडून आम्ही काय केलं, तर फळा होता तसा उचलून मोबाइलसमोर ठेवला. झूमच्या फुकट खात्यावर चाळीस मिनिटांनी तास आपोआप तुटायचा, आणि खरं सांगते, कित्येक घरांत तेवढीच सुटका वाटायची.

मी त्या वर्षी हट्टाने वेगळं केलं. बारावीच्या बीकेच्या प्रत्येक घटकाची दोन पानं साध्या मराठीत टाइप केली. त्याबरोबर पाच मिनिटांचा आवाजी निरोप. आणि आठवड्यातून एकदा फोन, आळीपाळीने. स्टाफमध्ये बोललं गेलं की मॅडमना टेक्नॉलॉजी जमत नाही. जमत होतं. माझ्या नातवंडांचे वाढदिवस मीच झूमवर लावायचे. पण पाच मिनिटांचा आवाजी निरोप एक-दोन एमबीत बसतो, आणि तासाभराचा व्हिडिओ शेकडो एमबी खातो. रोजचा दीड जीबी घरातल्या तीन भावंडांत वाटून घेणाऱ्या मुलीच्या बाजूने हिशेब करायचा की माझ्या बाजूने? मी बीकेची बाई आहे, हिशेब मला कळतो. "दर्जा खाली आणला" असंही एकजण म्हणाले. गणितं तीच होती, मार्क तेवढेच होते, अभ्यासक्रम बोर्डाचाच होता. दर्जा कुठून खाली गेला ते त्यांनी मला आजवर सांगितलेलं नाही.

एका गोष्टीचं मात्र वाईट वाटतं आणि ते जात नाही. त्या वर्षी आमच्याकडे नियम निघाला, कॅमेरा चालू नसेल तर गैरहजर. मी मीटिंगमध्ये विरोध केला, चांगला तासभर केला. नियम झालाच. किसननगरमधला एक मुलगा, एका खोलीत सहा माणसं, मागे खाटेवर आजारी वडील. त्याने कॅमेरा लावला नाही आणि मग यायचंच बंद केलं. फोन वडिलांचा होता, तो पुढे लागेनासा झाला. काही महिन्यांनी नियम गुपचूप मागे घेतला गेला. तो मुलगा परत आला नाही. तुमच्याकडे कुणी पुन्हा कॅमेरा सक्तीचा करायला निघालं तर तू ताठ उभी राहा, तासिका तत्त्वावर असलीस तरी. चेहरा दिसला की मूल शिकतंय, हा समज कुठून आला कोण जाणे. वर्गातही समोर चेहरा ठेवून मन वडापावच्या गाडीवर असतंच की.

आता कामाचं.

आधी शेवटचं कोण ते शोध. त्यासाठी गुगल फॉर्म पाठवू नकोस. हसू नकोस, 2020 मध्ये हे सर्रास झालंय. ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांनी खालील लिंकवर माहिती भरावी! आणि भरलेल्या फॉर्मांवरून अहवाल निघाले की बहुतेक सगळ्यांकडे सोय आहे. फोन कर, नाहीतर वर्गात एकेकाला बाजूला घेऊन विचार. फोन कुणाचा आहे, तुझ्या हातात किती वाजता येतो, रिचार्ज महिन्याच्या कितव्या तारखेपर्यंत पुरतो, बसतेस कुठे, फळ्यावरचं दिसतं का, ऐकू नीट येतं का. "तुझ्याकडे स्मार्टफोन आहे का?" या प्रश्नाला सगळे हो म्हणतात. प्रथम संस्थेच्या असर सर्वेक्षणात, ग्रामीण भारताचे आकडे आहेत हे, शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचं प्रमाण 2018 मध्ये 36.5 टक्के होतं, ते 2020 मध्ये 61.8 टक्क्यांवर गेलं. छान वाटतं ऐकायला. पण घरात असणं वेगळं आणि हातात असणं वेगळं. त्यांच्याच 2023 च्या अहवालात 14 ते 18 वयाच्या, फोन चालवता येणाऱ्या मुलांमध्ये स्वतःचा स्मार्टफोन 43.7 टक्के मुलग्यांकडे होता आणि 19.8 टक्के मुलींकडे. खेड्यातलं आहे म्हणून सोडून देऊ नकोस. घणसोली गावठाणात आणि तुर्भे स्टोअरच्या वस्तीत जाऊन विचार, भाऊ घरी आल्याशिवाय फोन मिळत नाही असं सांगणाऱ्या मुली तुझ्याच पटावर निघतील.

दिघ्याच्या मुलीबद्दल तू म्हणालीस, "तिच्या मैत्रिणीला सांगितलंय, ती वाचून दाखवते." इथे मी तुझ्यावर चिडले होते आणि अजून चिडलेलीच आहे. मैत्रीण आजारी पडली की? मैत्रिणीचं स्वतःचं वाचायचं राहिलं की? आणि ज्या दिवशी दोघींचं भांडण होईल त्या दिवशी दिघ्याच्या मुलीने काय करायचं? तिला एकटीला, स्वतःच्या वेळेला, हवं तेव्हा थांबून, हवं तेव्हा मागे जाऊन वाचता आलं पाहिजे. तुला येतं ना तसं? मग तिलाही.

आणि तिला वाचता का येत नाही, ते डोळ्यांमुळे कमी आणि तुमच्या ऑफिसमुळे जास्त. तू मला दाखवलेली ती तेरीजची पीडीएफ मी नीट बघितली. ती जुन्या फॉन्टमध्ये टाइप केली आहे. कागदावर ती सुंदर दिसते. पण त्या फॉन्टमध्ये "रोजकीर्द" हा शब्द फक्त दिसायला रोजकीर्द असतो, आत संगणकाच्या लेखी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं भरलेली असतात. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, तेच वाचतो, म्हणजे बडबड. तुझी खतावणीची दुसरी पीडीएफ तर वहीचा फोटोच आहे. तिथे वाचायला अक्षरच नाही, नुसतं चित्र आहे. परीक्षा सोपी आहे: पीडीएफमधली एक ओळ निवड, कॉपी कर, व्हॉट्सअॅपमध्ये चिकटव. मराठी उमटलं तर ठीक. कचरा उमटला, किंवा ओळ निवडताच आली नाही, तर तिच्यापर्यंत काहीही गेलेलं नाही, तू कितीही वेळा पाठवलं असलंस तरी. युनिकोडमध्ये टाइप कर, एवढंच. त्यात मराठी अक्षर संगणकाच्या लेखीही मराठीच असतं. मग तीच फाइल तिला मोठी करता येते, ऐकता येते, काळ्यावर पांढरी करून बघता येते.

आज रात्री एक कर. तुझ्या अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आहे, म्हणजे फोनचा स्क्रीन रीडर, सुलभतेच्या (अॅक्सेसिबिलिटीच्या) सेटिंगमध्ये असतं ते. (ते चालू केलं की एका टिचकीने काही उघडत नाही, दोनदा टिचकी मारावी लागते. आधी सांगून ठेवते, नाहीतर मला रात्री फोन येईल.) डोळे मिटून तुझ्या स्वतःच्या नोट्स ऐक. लॅपटॉपसाठी एनव्हीडीए नावाचं तसंच सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मायकल करन नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने 2006 मध्ये ते लिहायला घेतलं, कारण विकत मिळणारी सॉफ्टवेअर्स त्याच्यासारख्यांच्या आवाक्याबाहेर होती. एनव्हीडीएचा मराठी आवाज यंत्रासारखा आहे, पण दोन दिवसांत कानाला सवय होते.

ऐकलंस की बीकेची खास अडचण तुला आपोआप कळेल. आपलं खातं इंग्रजी टीच्या आकारात, डावीकडे नावे (डेबिट), उजवीकडे जमा (क्रेडिट). स्क्रीन रीडर आडवा वाचतो. डावीकडची तारीख, तपशील, रक्कम, आणि लगेच त्याच दमात उजवीकडची तारीख, तपशील, रक्कम. ऐकणाऱ्याला नावे कुठलं आणि जमा कुठलं, काही पत्ता लागत नाही. म्हणून नोट्समध्ये आधी नावे बाजू पूर्ण लिही, एकाखाली एक, मग तिची बेरीज, मग जमा बाजू. टीचा आकार परीक्षेसाठी शेवटी एकदा दाखव. मी हे फक्त एका मुलीसाठी म्हणून केलं होतं, आणि वर्गातल्या निम्म्या पोरांनी सांगितलं की बाई, आता खातं कळलं. पण ते निम्मे खूश झाले नसते तरी मी केलंच असतं. सगळ्यांना उपयोग होतो म्हणून एकीसाठी करायचं, हा युक्तिवाद मला आवडत नाही. प्राचार्यांना पटवायला वापर हवा तर.

बोलतानाही तसंच. "हे इथून काढलं आणि इकडे टाकलं" असं तू म्हणतेस, रेकॉर्डिंगमध्ये मी ऐकलं. इथून म्हणजे कुठून? त्याऐवजी, "फर्निचर खाते नावे 8,000, रोख खात्याला 8,000, कारण फर्निचर रोखीने घेतलं." बोट दाखवायची सवय मोडायला महिना जातो. तडा गेलेल्या स्क्रीनवर बघणाऱ्यालाही तेच लागतं, आणि ऐरोलीहून ठाण्याच्या लोकलमध्ये लटकत कानात घालून ऐकणाऱ्यालाही.

आता तू म्हणशील, आणि म्हणायलाच हवं, की पाठीमागच्या बाकावरच्या त्या कमी ऐकू येणाऱ्या मुलाला आवाजी निरोप पाठवून काय करू? बरोबर. दिघ्याच्या मुलीला जे सोयीचं ते त्याला बिनकामाचं. इथेच लोक हात टेकतात आणि म्हणतात की सगळ्यांचं समाधान होत नाही. अगं, म्हणून तर आधी मजकूर. युनिकोडमधला साधा, नीट लिहिलेला मजकूर. तो मुलगा वाचेल, ती मुलगी ऐकेल, तुर्भे स्टोअरची हिंदी माध्यमातून आलेली पोरगी फोनवर भाषांतर करून बघेल, गाळ्यावरचा मुलगा पहाटे उघडेल. व्हिडिओ, आवाज, पीपीटी हे सगळं त्या मजकुरातून नंतर काढायचं, वेळ असला तर. नसला तर राहू दे. दोन शेवटची मुलं वेगवेगळ्या टोकांना बसलेली असली तरी दोघांच्या पानात पडणारा पदार्थ एक निघतो बहुतेकदा, शोधला तर.

त्या मुलासाठी आणखी दोन गोष्टी आहेत, छोट्या. ऑनलाइन बोलताना खिडकीकडे पाठ करून बसू नकोस, तुझा चेहरा काळा दिसतो आणि त्याला ओठ वाचता येत नाहीत. आणि तासाआधी मजकूर त्याच्या हातात असू दे. स्क्रीनखाली आपोआप उमटणाऱ्या ओळींवर, कॅप्शनवर, विसंबू नकोस, हिशेबाच्या शब्दांचं त्यात काय होतं ते मी पाहिलंय. तो सांकेतिक भाषा वापरतो की नाही हे आधी त्यालाच विचार, गृहीत धरू नकोस. वाशीला नवी मुंबई महापालिकेचं ईटीसी केंद्र आहे, दिव्यांग मुलांसाठीच काम करतं. तिथे एकदा जाऊन बोल. आपल्याला सगळं येत नसतं.

वेळेचं बोलू. एपीएमसीतल्या मुलाबद्दल तू म्हणालीस की तो "लाइव्ह" तासाला कधीच नसतो. रात्री दोनला भाजीच्या गाड्या लागतात, सकाळी आठला तो घरी येतो, आणि तुमचा शनिवारचा तास साडेआठचा. तो झोपणार नाही तर काय करणार? हजेरी म्हणजे साडेआठला लिंकवर असणं, असं कुणी ठरवलं? दोन पानं वाचून तीन गणितं सोमवारी रात्रीपर्यंत पाठवली, ही हजेरी का नाही? लाइव्ह तास आपल्याला बरा वाटतो कारण शिकवल्यासारखं वाटतं. शेवटच्या मुलापासून बघितलंस तर लाइव्ह तास सगळ्यात कमी जणांना झेपतो. शंकांसाठी ठेव, वीस मिनिटं, आणि त्याचीही दोन ओळींत टिपणं ग्रुपवर टाक.

आणि ते पावसाचं. जिल्हाधिकाऱ्यांनी अतिवृष्टीमुळे सुट्टी जाहीर केली की तासाभरात कॉलेजच्या ग्रुपवर लिंक येते, आजचे तास ऑनलाइन होतील. दिव्यात आणि मुंब्र्यात ज्यांच्या दारात पाणी आहे, ज्यांची वीज गेली आहे, ते फोनची उरलेली बॅटरी तुमच्या तासासाठी ठेवणार आहेत का? सुट्टी दिली आहे ना, मग असू दे सुट्टी. एवढी घाई असेल तर दोन पानं पाठव आणि चार दिवस दे. मला या गोष्टीचा इतका संताप येतो की सूनबाई म्हणते, आई, तुम्ही रिटायर झालात.

"एकीसाठी केलं की बाकीचे भेदभाव म्हणतात." म्हणू देत. कोण म्हणतं नीट बघ, मुलं क्वचित म्हणतात. आणि स्टाफपैकी कुणी म्हणालं तर त्यांच्यापुढे कायदा ठेव, आपण काही उपकार करत नाही. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा, 19 एप्रिल 2017 पासून लागू, 21 प्रकारचं दिव्यांगत्व त्यात धरलंय. सरकारी मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थेने प्रत्येकाच्या गरजेनुसार वाजवी सोय करायची, असं त्यात स्पष्ट आहे. लेखी परीक्षेत तासाला किमान वीस मिनिटं जादा देण्याच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना 2018 मध्येच निघाल्या. आणि 11 फेब्रुवारी 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार यांच्या प्रकरणात सांगितलं की लेखनिक मिळायला चाळीस टक्के दिव्यांगत्वाचा दाखलाच हवा असं नाही. त्यांचा आजार लिहिताना हाताला पेटके येण्याचा होता. हा निकाल मी प्रिंट काढून पर्समध्ये ठेवायचे, शेवटची दोन वर्षं. दोनदा कामाला आला. प्रशिक्षणात तुला यूडीएल शिकवतील, युनिव्हर्सल डिझाइन फॉर लर्निंग, म्हणजे सुरुवातीपासूनच सगळ्यांना धरून शिकवणं आखायची पद्धत, अमेरिकेतल्या कास्ट संस्थेची. चांगलंच आहे, वाच. फक्त ते शिकवणारे लोक त्याचे मोठे रंगीत तक्ते फोटो म्हणून पाठवतात, जे दिघ्याच्या मुलीसारख्या शिक्षिकेला कधी वाचता येणार नाहीत, तेवढं हसून सोडून दे. किंवा सोडू नकोस, सांग त्यांना.

तुझ्या पैशांचं मला कळतं. तासाचे मिळतात, तेही वेळेवर नाहीत, आणि सुट्टीत शून्य. म्हणून सगळा पोर्शन बदलायला बसू नकोस, दिवाळीपर्यंत थकशील आणि मग जुन्यावर परत जाशील. एकच घटक घे. तेरीज घे, कारण ती छोटी आहे आणि त्या मुलीला आवडते. दोन पानं युनिकोडमध्ये लिही, पुढच्या वर्षी तीच वापरता येतील. व्हिडिओला लागणारे तुझे तीन तास वाचतील, ते झोपेला दे. वर्गात टायपिंग येणारी दोन-तीन मुलं असतीलच, त्यांच्याकडून जुन्या नोट्स टाइप करून घे. तो त्यांचाही अभ्यास होतो. फक्त त्या मुलीसाठी करतोय असं त्यांना सांगू नकोस, वर्गासाठी करतोय असं सांग. खोटं नाहीच ते.

शनिवारी चारनंतर मी घरी आहे. तिला यायला जमेल का विचार. दिघा गाव स्टेशन 2024 मध्ये सुरू झाल्यापासून तिला ठाणं एका गाडीत आहे, स्टेशनवर मी घ्यायला येईन. माझ्या लॅपटॉपवर एनव्हीडीए आहे. तुझी दोन पानं तिला ऐकू दे, कुठे अडतं ते तीच सांगेल, आणि तू वही घेऊन लिहून घे. मध्ये समजावून सांगायला लागलीस तर मी टोकणार आहे.

तुझी
मॅडम

ता. क. ऑफिसमध्ये जुन्या फॉन्टमध्ये टाइप करणाऱ्या भाऊंवर चिडू नकोस. पंचवीस वर्षांच्या सवयीची बोटं आहेत ती, आणि मराठी युनिकोड म्हणजे सगळा कळफलक नव्याने शिकायचा अशी त्यांना भीती आहे. युनिकोडमध्ये रेमिंग्टनची, म्हणजे जुन्या टाइपरायटरची, मांडणीसुद्धा मिळते, बोटं तीच चालतात. त्यांच्या संगणकावर ती टाकून दे, आणि पहिल्या दिवशी शेजारी बस. चहा त्यांना बिनसाखरेचा लागतो.